साठ हजार शिल्लक आहेत, पण पोरं मंडळात येत नाहीत

पत्र:

ताई, नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला, वय २७. आयटीआय टर्नर करून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या इंडस्ट्रियल एरियात, एका फाउंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) मशीन शॉपला लागलो त्याला सात वर्षं झाली. गल्लीच्या युवक मंडळाचा सेक्रेटरी पण आहे. यंदा गणपतीचा हिशोब झाल्यावर साठ हजार शिल्लक राहिलेत आणि पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालंय की डीजेवर उडवायचे नाहीत, गल्लीतल्या पोरांसाठी कायतर करायचं. सोळा ते चोवीस वयाची तेवीस पोरं अशी आहेत की शिक्षण सुटलंय आणि धड काम पण नाही. कोण दहावीच्या गणितात अडकलाय, कोण सेंट्रिंगला जातोय, तिघं गोव्याला हॉटेलात, चार-पाच जण मिलिटरीसाठी पहाटे पळतात, बाकीचे दिवसभर कट्ट्यावर मोबाईल घेऊन. एक पोरगी पण आहे, हुशार होती, दहावीनंतर घरातच बसून आहे. मंडळात निम्मे म्हणतात चार कॉम्प्युटर घेऊया, निम्मे म्हणतात जिम काढूया. पण खरी अडचण म्हणजे मीटिंगला बोलवलं तर ही पोरं येतच नाहीत, त्यांनाच काय करायचं नसेल तर आम्ही किती मरायचं? युवा निधीचे पैसे त्यांना मिळतात का ते पण सांगा. – एक कार्यकर्ता

उत्तर:

भावा, तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. गणपतीचे उरलेले पैसे पोरांसाठी ठेवायचे हे एकमत व्हायला गल्लीत किती रात्री भांडणं झाली असतील ते मला कळतं, मी पण अशाच एका गल्लीत वाढलेय. म्हणून आधी सांगते की ते साठ हजार अजून महिनाभर बँकेतच राहू देत. कॉम्प्युटर नको आणि जिमही नको, निदान आत्ता तरी नको. शिकवणारा माणूस ठरलेला नसताना आणलेले कॉम्प्युटर मी दोन-तीन गावांत बघितलेत, पहिल्या पावसाळ्यातच त्यांच्यावर बेडशीट पडते.

पोरं का येत नाहीत तेवढं आधी बोलूया, कारण तुझ्या पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मला सांग, तुमचं मंडळ दरवर्षी दहावीचा रिझल्ट लागला की गुणवंतांचा सत्कार करतं की नाही? करतच असणार, आपल्या भागात बहुतेक सगळी मंडळं करतात, शाल, श्रीफळ, पेन, कोपऱ्यावर फोटोंचा मोठा बॅनर. आता तो गणितात राहिलेला पोरगा त्या बॅनरखालून रोज दूध आणायला जातो हे डोळ्यासमोर आण. आणि त्याच पोराला मंडळ कधी हाक मारतं? मंडप घालायचा असला की, मूर्ती उचलायची असली की, विसर्जनाला ट्रॅक्टरपुढं माणसं कमी पडली की. तेव्हा तो येतो ना? येतो, आणि चांगलं राबतो. म्हणजे त्याला काही करायचं नाही असं नाहीये भावा, मीटिंगमध्ये त्याला आजवर कुणी काही विचारलेलंच नाही, खुर्च्या मांड आणि मागं बस एवढंच त्याच्या वाट्याला आलंय. मग आता अचानक तुमच्यासाठी काहीतरी करणार आहोत म्हणून बोलावणं आलं तर त्याला ते परत एकदा नापास म्हणून उभं केल्यासारखं वाटणार. मी असते तर मीपण आले नसते.

म्हणून मीटिंग बोलवू नका. तू आणि मंडळातला अजून एकजण, दोघंच, एक वही घेऊन घरोघरी जा. घोळक्यानं जाऊ नका आणि फोटो तर अजिबात काढू नका. प्रत्येकाला एकच विचारा की शेवटचं नेमकं कुठं अडलं. पुढं काय व्हायचंय हे आत्ता विचारू नका, त्याचं उत्तर सगळे मिलिटरी नाहीतर बिझनेस असंच देतात. कुठं अडलं विचारलंस की मग कळतं की एकाचं परीक्षेच्या फीवर अडलं, एकाचा इनकमचा दाखला वेळेत आला नाही, एकाच्या वडलांचा पाय मोडला आणि शेत त्याच्यावर पडलं, एकाला कॉलेजात सर काय बोलतात तेच कळेना आणि लाजेनं तो पंधरा दिवसांत घरी आला. तेवीस जणांची तेवीस अडणुकी निघतील, एका जिममध्ये किंवा चार कॉम्प्युटरात ती सगळी मावणार नाहीत.

आणि वहीत पहिलं पान पोरींचं कर. तेवीस जणांत तुला पोरगी एकच दिसली, "एक पोरगी पण आहे" असं लिहिलंयस. मला खात्री आहे गल्लीत निदान सात-आठ तरी निघतील, त्या कट्ट्यावर बसत नाहीत म्हणून तुमच्या यादीत नाहीत. कुणी घरात शिलाई करते, कुणी भावाच्या पोराला सांभाळते, कुणाचं स्थळ बघणं चालू आहे. त्यांच्याकडं तुम्ही दोघं जाऊ नका, बचत गटातल्या दोन बायकांना पाठवा, आई त्यांच्याशी मोकळं बोलेल. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायका-मुलींना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, म्हणजे बेळगावात कॉलेजला जायला बसचा खर्च हे कारण आता राहिलेलं नाही. तरी पोरगी घरात का? बहुतेक वेळा उत्तर शेवटच्या बसमध्ये असतं. क्लास सुटतो पाचला, बस फाट्यावर सोडते सातला, आणि फाट्यापासून गावापर्यंत दोन किलोमीटर अंधार. मग हे काम मंडळाचं आहे की नाही? ग्रामपंचायतीतून ठराव घेऊन डेपोला बसची वेळ बदलून मागणं आणि फाट्यावरच्या लाईटसाठी मागं लागणं, यात साठ हजारातला एक रुपया लागत नाही.

आता दहावी. आपल्याकडं अजून पुष्कळ आई-बापांना वाटतं की एकदा राहिला म्हणजे वर्ष गेलं. तसं आता नाहीये, २०२४ पासून कर्नाटकात एसएसएलसीची परीक्षा एकाच वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते, पहिली मार्चच्या सुमारास आणि मग पाठोपाठ पुढची, आणि राहिलेल्या विषयापुरतंच बसायचं असतं. पण फी भरायची तारीख शाळेत लागते आणि शाळा सोडलेला पोरगा तिकडं फिरकत नाही, त्यामुळं त्याला कळेपर्यंत तारीख गेलेली असते. ती तारीख बघून येणं हे मंडळातल्या एका माणसाचं पक्कं काम करून टाका, बाकी काही नाही, फक्त तेवढंच. ज्यांना शाळा सोडून चार-पाच वर्षं झालीत आणि परत त्या शाळेत पाय टाकायचा नाहीये त्यांच्यासाठी एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा आहे, दहावी तिथं मराठी माध्यमातनं पण देता येते, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं आणि आधी पास झालेले दोन विषयांपर्यंतचे मार्क तिकडं धरून घेता येतात. तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेले एखादे गुरुजी तुमच्या आसपास असतीलच, त्यांच्या पाया पड आणि संध्याकाळचे दोन तास माग. मानधन पण द्या, फुकट राबवून घेऊ नका.

पहाटे पळणाऱ्या पोरांना पण हे स्पष्ट सांग. समोर मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बघत वाढलेली पोरं, त्यांचं ते स्वप्न मी कमी लेखत नाही, आमच्या घरातले दोघं त्या वर्दीत होते. पण अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावी ४५ टक्क्यांनी पास लागते, वयाची अट साडेसतरापासून पुढं थोडीच वर्षं असते, आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना पुढं ठेवतात. म्हणजे पाय कितीही चालले तरी गणित सुटलं पाहिजे, आणि सिलेक्ट झाला तरी पंचविशीच्या आसपास परत येण्याची तयारी पाहिजे. पहाटे पळा आणि संध्याकाळी गुरुजींकडं बसा, दोन्ही एकाच दिवसात मावतं.

कामाबद्दल तर मी तुलाच विचारणार आहे, कारण या गल्लीत मंडळाकडं असलेली सगळ्यात मोठी गोष्ट साठ हजार नाही, तू आहेस. सात वर्षं फाउंड्रीच्या मशीन शॉपला काढलेला माणूस! कोअर कोण करतो, मोल्डिंग कुठं, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, किती धूळ खावी लागते, सीएनसीवर बसायला काय यावं लागतं, हे तुला डोळे झाकून माहीत आहे, आणि कट्ट्यावरच्या पोराला उद्यमबाग म्हणजे नुसती गेटवरची वॉचमनची केबिन माहीत आहे. तर तू दोन गोष्टी कर. एक, तुझ्या आणि ओळखीच्या कारखान्यात अप्रेंटिस घेतात का ते विचार. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणं तीस किंवा जास्त कामगार असतील, कंत्राटी धरून, तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीस कामगारवाल्यांनापण घेता येतात, सक्ती नाही एवढंच. २०१९ साली ठरलेले किमान स्टायपेंडचे आकडे बघितले तर दहावी पासला महिना ६ हजार, आयटीआयवाल्याला ७ हजार, डिप्लोमाला ८ हजार, आणि त्यातला पाव हिस्सा म्हणजे जास्तीत जास्त १५०० रुपये केंद्र सरकार देतं. छोट्या मालकाला हे शेवटचं सांगितलंस तर तो ऐकून घेईल. पण करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदलेला पाहिजे, तोंडी "अप्रेंटिस आहे" म्हणून ठेकेदाराकडं वर्षभर झाडू मारायला लावलेली पोरं तू पण बघितली असशील. नोंद असली तर शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट मिळतं, आणि ते पुण्याला, गोव्याला, कुठंपण चालतं.

दुसरी गोष्ट, अठराच्या आतल्या पोराला भट्टीजवळ लावू नकोस, घरची कितीही गरज असू दे. कायद्यानं धोक्याच्या कामाला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. सोळा-सतराच्या पोरांना आयटीआयकडं वळव, वेल्डर एका वर्षाचा आहे आणि आठवी पासवर पण होतो, तुझा टर्नर, तसंच फिटर, मशिनिस्ट दोन वर्षांचे. उद्यमबागेतच सरकारी टूल रूम आहे, जीटीटीसी म्हणतात, तिथं दहावीनंतर टूल अँड डायचा डिप्लोमा होतो, तू त्या रस्त्यानं शंभरदा गेला असशील, एकदा दोन पोरांना घेऊन आत जा. नुसता पत्ता सांगून पाठवू नकोस, आपली पोरं गेटपर्यंत जातात आणि वॉचमननं काय पाहिजे म्हटलं की परत येतात. मशिनीत ज्यांचं मन नाही त्यांना बँकांच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार ट्रेनिंग सेंटरात, पाठव, अठरा वर्षांवरच्या खेड्यातल्या पोरा-पोरींना राहणं-जेवण धरून फुकट ट्रेनिंग असतं, टू-व्हीलर रिपेअरी, शिलाई, मोबाईल रिपेअरी, डेअरी असलं, आणि नंतर कर्जाच्या अर्जाला पण मदत करतात. गोव्याला हॉटेलात गेलेल्या तिघांना परत आणायच्या फंदात पडू नका, ते कमावतायत, फक्त त्यांचा पीएफ कापतात का आणि तो खात्यावर जमा होतो का एवढं बघायला शिकवा.

आता कन्नडबद्दल बोलते, आणि हे वाचून काही जण माझ्यावर चिडणार ते माहीत आहे. आपली शाळा मराठीच पाहिजे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं हे घटनेच्या ३५० अ कलमात लिहिलंय आणि त्यासाठी भांडत राहायलाच पाहिजे, मी त्यात मागं नाही. पण गल्लीतला वीस वर्षांचा पोरगा नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात, गेला की समोरचा कागद त्याला वाचता येत नाही, मग तो एजंटला तीनशे रुपये देतो आणि एजंट काय भरतो ते पण त्याला कळत नाही. कारखान्यात सुपरवायझर कन्नड, सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा. म्हणजे कन्नड न येण्याची किंमत पुढारी भरत नाहीत, हा पोरगा भरतो. तीन महिने, रोज तासभर, बोलणं आणि फॉर्म वाचण्यापुरती लिपी, एवढं शिकवणारं कुणीतरी शेजारच्या गल्लीत सापडेल, तुमच्या गावात कन्नड बोलणारी घरं पण आहेतच. त्यांच्यातल्याच कुणाला शिकवायला बोलवा, त्या निमित्तानं येणं-जाणं पण वाढेल. मराठी त्यानं कमी होत नाही, मी स्वतः दोन्ही वाचते.

आणि तेवढ्याच जोरानं दुसरी बाजू पण सांगते, कारण ती कितीतरी जणांना माहीतच नसते. महाराष्ट्राच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या पोरांसाठी वेगळी तरतूद आहे, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी तुमचं गाव असेल तर तसा दाखला आणि मातृभाषेचा दाखला लागतो. आमच्या ओळखीतला एकजण त्यातनं कोल्हापूरला डिप्लोमाला गेला. प्रवेशाची गडबड जून-जुलैत असते आणि दाखल्यांना वेळ लागतो, तेव्हा कागदं मे महिन्यातच तयार पाहिजेत.

कागदांवरनं आठवलं. माझ्या धाकट्या भावाची आयटीआयची सीट आडनावाच्या स्पेलिंगपायी गेली. शाळेच्या दाखल्यावर एक, जातीच्या दाखल्यावर दुसरं. बाबा मजुरी बुडवून तीनदा गेले, प्रत्येक वेळी उद्या या, साहेब नाहीत. चौथ्या वेळी कागद हातात मिळाला तेव्हा ॲडमिशन बंद होऊन दोन दिवस झाले होते. पुढच्या वर्षी भर म्हणून सगळे म्हणाले पण तोवर तो गवंड्याच्या हाताखाली लागला होता, घरात पैसे यायला लागले होते, आणि पुढचं वर्ष कधी आलंच नाही. आज त्याला चाळिशी आलीय, अजून कुणी आयटीआयचं नाव काढलं की तो उठून बाहेर जातो. म्हणून तुमच्या पैशातनं एकच लॅपटॉप आणि एक प्रिंटर घ्या असं मी म्हणेन, आणि आठवड्यातनं दोन संध्याकाळी कागद बघायला बसा. आधार, शाळेचा दाखला, जात-उत्पन्न, बँक खातं, चारही ठिकाणी नाव सारखं आहे का एवढंच आधी तपासा, ॲडमिशनच्या सहा महिने आधी. कुणाची आई विडी वळत असेल आणि तिचं विडी कामगाराचं कार्ड असेल तर पोरांना केंद्राची स्कॉलरशिप मिळते. कुणाचे वडील गवंडी, सेंट्रिंगवाले असतील आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर भरत असतील तर बांधकाम कामगार मंडळात नाव घालता येतं, त्यातनंही पोरांच्या शिक्षणाला पैसे येतात. मागास वर्गातल्या पोराला कॉलेजला हॉस्टेल मिळालं नाही तर विद्यासिरी नावाची राज्य सरकारची मदत आहे, दहा महिने दर महिन्याला पैसे येतात. युवा निधीचं विचारलंस, तर ती डिग्री आणि डिप्लोमावाल्यांची आहे, पास होऊन १८० दिवस काम नसेल तर डिग्रीला ३ हजार, डिप्लोमाला दीड हजार, दोन वर्षांपर्यंत. तुझ्या यादीतल्या दहावीवाल्यांना ती लागू नाही, त्यांना खोटी आशा लावू नकोस.

उरलेल्या पैशाची भिशीसारखी सोय करा. माझ्या अंदाजानं लॅपटॉप, प्रिंटर आणि गुरुजींचं मानधन जाऊन वीस-पंचवीस हजार उरतील. नवीन कामाला किंवा कोर्सला लागणाऱ्याचा पहिला महिना सगळ्यात अवघड असतो, पगार तीस दिवसांनी आणि सेफ्टी शूज, डबा, पोरांचा बस पास, खोलीचं डिपॉझिट हे सगळं पहिल्या दिवशी. कितीतरी पोरं दहाव्या दिवशी काम सोडतात त्याचं कारण आळस नसतो, खिशात जायला-यायला पैसे नसतात. दोन-तीन हजार बिनव्याजी, स्टायपेंड सुरू झाला की चार हप्त्यात परत. काही बुडतील. बुडू देत, पण नोटीस बोर्डावर नाव लावू नका.

आणि हा पैसा कुणाला द्यायचा हे तुम्ही जुन्या कार्यकर्त्यांनी ठरवायचं नाही. पाच जणांची कमिटी करा, त्यात तिघं त्या वहीतले, आणि तिघांत निदान दोन पोरी. चुकतील, एखाद्या मित्राला आधी देतील, मग आपसात भांडून नियम पण करतील. तुमचं मत एकच धरा. हे मंडळात पचायला जड जाईल हे मला माहीत आहे, अध्यक्ष म्हणतील पैसे आम्ही गोळा केले. त्यांना सांग, मूर्ती या पोरांनी उचलली होती. हीच पोरं मग ग्रामसभेला घेऊन जा, सहा महिन्यांतून एकदा ती व्हायलाच लागते, पण बहुतेक गावात पन्नास सह्यांवर उरकतात. पंचायतीची लायब्ररी, अरिवु केंद्र, संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवा एवढी एकच मागणी त्या कमिटीतल्या पोरीनं उभं राहून मराठीत करू दे. अभ्यासाची खोली गावात आहेच, तिचं कुलूप काढून घ्या, नवीन बांधायला नको.

यंदाच्या सत्काराचं पण बघ, बॅनर छापायच्या आधी. राहिलेला विषय सोडवलेल्यांची नावं पण त्याच बॅनरवर, त्याच साईजमध्ये येऊ देत.

येत्या रविवारी सुरुवात त्या सेंट्रिंगला जाणाऱ्या पोरापासून कर, तो रविवारी घरी असेल, बाकीचे दिवस सापडणार नाही. सकाळी दहाच्या आत जा. आणि यादी पूर्ण झाली की मला परत लिही, अडलंय कुठं तेवढंच, नावं नकोत. पोरींच्या पानावर किती ओळी झाल्या ते मात्र नक्की कळव.